शनिवारची माती

बेळगाव भागातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या, आमच्या मराठी शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात. चंदगड तालुक्यातल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांना तेव्हा अजून पंधरा दिवस सुट्टी असते, त्यामुळे तिकडे आजोळी गेलेली आमची काही मुले उशिराच परततात. प्रारंभोत्सवाची तोरणे उतरली आणि पुस्तके वाटून झाली, की सेतुबंध सुरू होतो. मागच्या इयत्तेतले मुलाजवळ काय शिल्लक आहे ते आधी पाहायचे, जे निसटले आहे ते काही दिवस पुन्हा शिकवायचे, मग पुन्हा एकदा पाहायचे आणि त्यानंतरच नव्या इयत्तेचा पहिला पाठ काढायचा, अशी सेतुबंधाची रीत आहे. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत तो दरवर्षी होतो. नाव सुंदर आहे आणि त्यामागचा विचारही योग्य आहे. मात्र पूल बांधायचा तर दोन्ही काठांची माहिती हवी, आणि पलीकडचा काठ, म्हणजे अभ्यासक्रम, आम्हां शिक्षकांना जितका पाठ असतो तितका अलीकडचा, मुलाचा काठ ठाऊक नसतो. हे माझ्या लक्षात यायला नोकरीची पंधराएक वर्षे जावी लागली.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका जूनमध्ये चौथीच्या एका मुलीपुढे मी शब्दाचे कार्ड धरले होते. तिची आई रोजाने भांगलणीला जाते आणि वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. कार्डावर ‘पाऊस’ लिहिले होते. तिने कार्ड माझ्या हातातून घेतले, डोळ्यांजवळ नेले, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवले आणि म्हणाली, ‘पा’. बोट पुढे सरकले, ‘ऊ’. पुन्हा सरकले, ‘स’. मग ती थांबली. तिन्ही अक्षरे बरोबर होती, पण ती तीन वेगवेगळी दारे होती आणि तिन्हींमागचे घर एकच आहे हे तिला दिसत नव्हते. मी विचारले, ‘मिळून काय झाले?’ ती गप्प राहिली. बाहेर कौलांवर असा पाऊस होता, की मलाच माझा आवाज चढवावा लागत होता. मी खिडकीकडे बोट दाखवून तिच्याच बोलीत विचारले, ‘बाहेर काय पडूलाय?’ ती चटकन म्हणाली, ‘पाऊस.’ म्हणाली आणि तिची नजर पुन्हा कार्डावर गेली. मग तिने तिसऱ्या अक्षरापासून मागे पहिल्या अक्षरापर्यंत बोट नेले, पुन्हा पुढे आणले आणि अगदी हळू आवाजात तोच शब्द कार्डाला उद्देशून म्हटला.

त्या मुलीला मराठी येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. ती वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त आणि भरभर बोलत असे. तिला जे येत नव्हते ते कागदावरचे मराठी, आणि आमच्या भागात हे अंतर बाहेरच्या माणसाला वाटते त्यापेक्षा बरेच मोठे आहे. मूल घरी ‘पाऊस पडूलाय’ म्हणते आणि पुस्तकात ‘पाऊस पडत आहे’ असे छापलेले असते. ते घरी ‘जाऊस पायजे’ म्हणते आणि पुस्तक ‘जायला हवे’ असे म्हणते. याच्या जोडीला कन्नड आहे, तिची लिपी वेगळी आहे. इंग्रजी पहिलीपासून आहे, तिची लिपी आणखी वेगळी आहे. पंचायतीच्या फलकावर, बसच्या पाटीवर आणि रेशनच्या दुकानात कन्नड, दारावरच्या गणेशपट्टीवर, भजनाच्या वहीत आणि आजीच्या तोंडी मराठी, मोबाइलवर हिंदी. आठ-नऊ वर्षांचे मूल एवढा सगळा भार सहज वाहते, आणि एखाद्या चाचणीत अक्षरे जुळवताना अडले, की आम्ही त्याच्या नावापुढे ‘मागे’ असे लिहून मोकळे होतो.

ज्यांच्या नावापुढे असे लिहिले जाते त्यांच्यासाठी जादा तास असतो. आमच्याकडे त्याला परिहार बोधन म्हणतात. हा शब्द कन्नडमधून आला आणि मराठी शाळांतही तसाच रुळला. या तासाबद्दलच मला लिहायचे आहे, कारण मी तो अनेक वर्षे चुकीच्या वेळी घेत होते.

चूक साधी होती. वेळापत्रकात मोकळी जागा शोधायची तर ती दोनच ठिकाणी सापडते: खेळाचा तास आणि चित्रकला-कार्यानुभवाचा तास. भाषा, गणित आणि परिसर यांना हात लावता येत नाही. त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही ती मुले खेळाच्या तासाला वर्गात बसत आणि बाराखडी गिरवत. पावसाळ्यानंतर प्रतिभा कारंजीची तयारी सुरू झाली, की हे अधिकच वाढे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रतिभा कारंजी हा कर्नाटकातल्या शाळांचा कलामहोत्सव आहे. त्यात कंठपाठ, गोष्ट सांगणे, अभिनयगीत, देशभक्तिगीत, छद्मवेष, चित्रकला, मातीकाम अशा स्पर्धा असतात, आणि केंद्रावर निवडलेले मूल पुढे तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग राज्याला जाते. कारंजी म्हणजे कारंजे. मुलाच्या अंगातले आपोआप वर उसळावे, अशी त्या नावामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात आम्ही दरवर्षी तीच चार हुशार मुले उभी करत होतो. जिला वाचता येते तीच पाठांतराला, तिलाच गोष्टीला, तीच अभिनयगीतात पुढे. उरलेल्यांतली काही टाळ्या वाजवायला, आणि त्यांतली सर्वांत अशक्त सहा-सात माझ्यापुढे परिहार बोधनाला.

एका वर्षीचा एक मुलगा मला अजून दिसतो. मैदानावर लेझीमचा सराव चालला होता आणि तो वहीत ‘क’ची बाराखडी लिहीत होता. त्याचे डोके खाली होते, पण बाकाखालचा पाय हलगीच्या ठेक्यावर अचूक पडत होता. मी त्याला ‘लक्ष कुठे आहे?’ असे विचारले. त्याने पाय थांबवला. त्यानंतर हळूहळू तो शनिवारी यायचा बंद झाला, मग सोमवारीही येईना. सातवीपर्यंत त्याने शाळा कशीबशी ओढली. ज्याला ठेका कळतो त्याला लेझीमच्या रांगेत उभे करून तोंडाने ताल म्हणायला लावले असते, तो ताल फळ्यावर लिहिला असता आणि त्याच्याकडून वाचून घेतला असता, तर काय झाले असते हे आता सांगता येणार नाही. ते मी केले नाही, एवढे मात्र खरे आहे. तो तास मी त्याला मदत म्हणून दिला होता आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ती शिक्षा होती.

दुसऱ्या पद्धती आसपास नव्हत्या असेही नाही. आमच्या आवारालाच लागून कन्नड शाळा आहे, आणि तिथे नली-कली चालते. नलियुत्ता कलि, म्हणजे आनंदाने बागडत शीक, असा त्याचा अर्थ. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीने ही पद्धत सुरू झाली. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहिल्या होत्या आणि आपल्या वर्गांसाठी तसे काही घडवायचे ठरवले होते. पुढे ती राज्यभर गेली. भिंतीवर शिकण्याची शिडी रंगवलेली असते, प्रत्येक पायरीला कार्ड असते, कार्डावर प्राण्याचे किंवा पक्ष्याचे चित्र असते आणि मूल आपण कोणत्या पायरीवर आहोत ते स्वतः ओळखून आपले कार्ड काढते. पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात. काही गट शिक्षकाच्या मदतीने, काही एकमेकांच्या मदतीने आणि काही स्वतःचे स्वतः काम करतात. आजारी पडून आठवडाभर न आलेले मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला नसतो, ते आपल्याच पायरीवरून पुढे निघते. यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. कार्डांचा साठा अपुरा पडतो, नोंदी फार ठेवाव्या लागतात, तीन इयत्ता एकट्या शिक्षकावर येतात, या तक्रारी मी शेजारच्या अक्कोरांकडून, म्हणजे कन्नड शाळेच्या बाईंकडून, ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही तिथल्या एकाही मुलाला खेळाच्या तासाला आत बसलेले मी पाहिले नाही.

मग कोविड आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारने विद्यागम सुरू केले, तेव्हा आम्ही देवळाच्या मंडपात, समाजमंदिराच्या ओट्यावर, कोणाच्या खळ्यावर मुलांना गोळा करून शिकवले. ऑक्टोबरमध्ये ते थांबवावे लागले. शाळा नियमित सुरू झाल्या तेव्हा चौथीत बसलेल्या मुलाने दुसरी पाहिलेलीच नव्हती. २०२२-२३ हे वर्ष राज्याने ‘कलिका चेतरिके’ म्हणून, म्हणजे हरवलेले शिकणे पुन्हा मिळवण्यासाठी ठेवले आणि मुलांसाठी कृतिपत्रिका आल्या. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर त्या वर्षी ‘मागे’ हा शब्द निरुपयोगी झाला, कारण सगळेच मागे होते. आणि कोण कुठे उभा आहे हे एकेकाला जवळ बसवून पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पाहण्याची पद्धत सोपी होती. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी ‘ओदु कर्नाटक’ नावाचा वाचन-उपक्रम राज्यात चालतो. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ही रीत आहे. प्रत्येक मुलाला एकट्याने वाचायला द्यायचे: अक्षरे, शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट. जिथे ते अडते ती त्याची पातळी. मग रोज तासभर इयत्ता विसरायची आणि पातळीप्रमाणे गट करून जमिनीवर गोलात बसवायचे. आधी बोलायचे, मग शिक्षकाने ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायचे, मग मुलांनी वाचायचे, मग जमिनीवरच्या खडूच्या चौकोनांत अक्षरांवर उड्या मारत शब्द करायचे, आणि शेवटी लिहायचे. उपक्रम कन्नडसाठी होता, पण त्याची रीत मी मराठीसाठी उचलली. पाऊस वाचणारी ती मुलगी या मोजपट्टीवर अक्षर-गटात होती. पाचवीतले दोन मुलगेही त्याच गटात होते, आणि चौथीच्या मुलीबरोबर बसण्याची त्यांना पहिले दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी उड्यांचा खेळ सुरू झाल्यावर ती लाज कुठे गेली ते मलाही कळले नाही.

त्याच वर्षी मी वेळापत्रकात एक बदल केला. परिहार बोधनाचा तास खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासातून काढून टाकला, तो सकाळच्या दुधानंतर सगळ्या वर्गासाठी एकदम ठेवला, म्हणजे कोणीच वेगळे काढले जात नव्हते. आणि मातीकाम, लेझीम, गोष्ट यांत प्रत्येक मुलाला घ्यायचे, पातळी कोणतीही असो, असे ठरवले. मुख्याध्यापकांनी एकच विचारले, ‘बाई, केंद्रावर नंबर येणार नाही, चालेल?’ मी चालेल म्हटले. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, सभेत एका पालकाने आक्षेप घेतला, की वाचता येत नाही त्याला माती कशाला द्यायची. त्यांचे म्हणणे मी उडवून लावले नाही. ज्याने आपल्या मुलाला शिकवून शेतीच्या मातीतून वर काढायचे म्हणून शाळेत घातले आहे, त्याला शाळेतही माती दिसली तर वाईट वाटणारच.

ज्येष्ठातल्या अमावस्येला आमच्या शेजारची कन्नड घरे मातीचे बैल करून पूजतात. त्या दिवसाला मण्णेत्तिन अमावस्या म्हणतात. मराठी घरांत बेंदराला बैल करतात. त्यामुळे मातीचा बैल करता येत नाही असे मूल आमच्या गावात सापडणे कठीण आहे. त्या मुलीने शनिवारी सकाळी माझ्यापुढे बैल केला तो मी पाहत बसले. तिने गोळा हातात घेऊन आधी दाबून पाहिला, थोडे पाणी शिंपडले, पुन्हा मळला आणि त्यातला एक खडा नखाने काढून बाजूला ठेवला. मग धड केले, आणि पाय लावण्याआधी केरसुणीच्या चार काड्या मोडून घेतल्या. मी काड्या कशाला असे विचारले. ती म्हणाली, ‘ओल्या मातीचे पाय थांबत न्हाईत बाई. आत काडी घालूस पायजे. न्हाईतर बैल बसतंय.’ वशिंड तिने शेवटी केले. आधी केले तर उचलताना ते चेपते, हेही तिने न विचारता सांगितले.

मी तिचे बोलणे तिच्यासमोरच मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून घेतले. शुद्ध केले नाही. ‘न्हाईत’ला ‘न्हाईत’च ठेवले आणि ‘बैल बसतंय’ तसेच ठेवले. मग कागद तिच्यापुढे ठेवून म्हटले, ‘हे तू बोललीस, आता वाच.’ तिला पुढचा शब्द कोणता आहे ते आधीच माहीत होते, त्यामुळे ती अक्षरांपाशी अडकली नाही. अक्षरे तिच्या मदतीला आली. ‘ओल्या’ या शब्दातल्या जोडाक्षरापाशी थांबली, पुढचे ‘मातीचे’ पाहिले, मागे आली आणि ‘ओल्या’ म्हणाली. जोडाक्षर मी तिला शिकवलेले नव्हते. तो कागद तिने घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईने फाटकाशी थांबून मला विचारले, की हे पुस्तकातले आहे काय. मी नाही म्हटले, हे तुमच्या लेकीचे आहे.

बोलीत लिहिलेले वाचायला देणे चूक आहे, असे मला दोन सहकाऱ्यांनी सांगितले. माझे मत वेगळे आहे आणि ते मी ठामपणे मांडते. बोली ही वाचनाच्या घराची पहिली पायरी आहे, आणि पायरी गाळून उंबऱ्यावर उडी मारायला लावणे काही मुलांना जमते, सगळ्यांना जमत नाही. चार आठवड्यांनी मी तिच्याच मजकुराखाली पुस्तकी मराठीत तोच मजकूर लिहिला: ‘ओल्या मातीचे पाय टिकत नाहीत. आत काडी घालावी लागते.’ दोन्ही तिने वाचले आणि खालचे ‘बातम्यांसारखे’ आहे असे म्हणाली. प्रमाणभाषेची इतकी नेमकी ओळख मी तरी तिला करून दिली नसती.

केंद्रावरच्या मातीकामात तिचा क्रमांक आला नाही. तिथे मुलांनी गणपती, शिवलिंग आणि किल्ले केले होते, तिचा बैल साधा होता.

तिच्या गणिताचे मला नोव्हेंबरात कळले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळेत मक्कळ संते भरवतात, म्हणजे मुलांचा बाजार. मुले घरून भाजी, फळे, तांदूळ, चिवडा, काही ना काही आणतात आणि गावकरी येऊन विकत घेतात. आमच्या पश्चिम भागात रताळी भरपूर होतात. नवरात्राच्या सुमारास बेळगावच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. तिने एक पिशवीभर रताळी आणि घरातली तागडी आणली होती. तीस रुपये किलो. एका आजोबांनी अडीच किलो मागितली. तिने पारड्यात टाकत टाकतच, वर न पाहता सांगितले, ‘पंच्याहत्तर.’ मी बाजूलाच होते, मी विचारले कसे ते. दोन किलोचे साठ, अर्ध्याचे पंधरा. त्याच आठवड्याच्या चाचणीत ‘तीस गुणिले तीन’ या उभ्या मांडणीच्या उदाहरणाखाली तिने रेघसुद्धा ओढलेली नव्हती.

तिच्या पिशवीशेजारी तिची आजी बसली होती. तिने मला अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, म्हणून दाखवली. शाळेत ती फक्त दुसरीपर्यंत गेली होती, पण पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, अडीचकी तिला तोंडपाठ होत्या, कारण तिच्या काळी बाजारात त्यांवाचून चालत नसे. आता शाळेत ती पाठ करून घेत नाहीत, आणि सगळी परत आणावीत असे माझे म्हणणे नाही. पण त्या सोमवारी मी फळ्यावर उभी मांडणी काढण्याआधी जमिनीवर तागडी ठेवली.

संख्यांच्या बाबतीत एक गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी येतो. म्हणून मूल ऐकलेल्या क्रमाने ५२ लिहिते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी यांत तर पुढच्या दशकातून एक वजा करायचा असतो. कन्नडमध्ये तसे नाही: इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच, इप्पत्तैदु म्हणजे पंचवीस, जसे बोलायचे तसेच लिहायचे, आणि एकोणतीस म्हणजे सरळ इप्पत्तोंबत्तु. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. आमच्या वर्गात तो वाद निर्माणच होत नाही, कारण अडलेल्या मुलाला मी ‘कन्नडात सांग’ असे म्हणते. गल्लीत कन्नड मुलांबरोबर गोट्या खेळणारे मूल लगेच इप्पत्तैदु म्हणते, आणि मग त्याच्या हाताखालून २५ उतरते. दोन भाषा मुलावर ओझे होतात हे जितके खरे, तितकेच एका भाषेत अडलेले दुसरीत सुटते हेही खरे आहे. सीमावादाच्या सभांत ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी मराठी शाळेची शिक्षिका आहे, माझ्या मुलांनी मराठीतच शिकावे यासाठी मी घरोघर फिरले आहे, आणि म्हणूनच मला ती सांगावीशी वाटते.

अशीच एक शब्दाची गंमत शनिवारची. दप्तराविना शाळेचा दिवस राज्यात ‘संभ्रम शनिवार’ या नावाने आला. कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे उत्साह, सणाचा आनंद. सूचना फळ्यावर लिहिली त्या दिवशी एक आजोबा नातवाला सोडायला आले होते. ते फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि काळजीने म्हणाले, ‘बाई, शनिवारी संभ्रम कशाचा? शाळा हाय का न्हाई?’ मी त्यांना अर्थ सांगितला. मग ते म्हणाले, की आनंदाचा असेल तर पोरगा येईल. तेव्हापासून आमच्या शाळेत तो ‘आनंदाचा शनिवार’ आहे आणि वहीत मी दोन्ही नावे लिहिते.

दुधाचा उल्लेख वर केला तो सहज केला नाही. २०१३ च्या ऑगस्टपासून क्षीरभाग्य योजनेतून मुलांना गरम दूध मिळते, आणि अक्षरदासोहाचे दुपारचे जेवण त्याआधी दहा वर्षे आमच्या जिल्ह्यात आले. वाचनाचा तास मी दुधानंतर ठेवला त्याचे कारण एवढेच, की भांगलणीच्या दिवसांत आई पहाटे जाते आणि मूल उपाशी येते. उपाशी मूल कार्डावरचे अक्षर ओळखते, पण शब्द जुळेपर्यंत धीर धरू शकत नाही. स्वयंपाकाच्या अक्कांना हे माझ्याआधी कळले होते. ‘ह्या पोरीला आधी द्या’ असे त्या मला सांगत असत.

मराठी शाळांतली पटसंख्या घटते आहे. पालकांची इंग्रजीची ओढ, नव्या वस्त्यांतल्या खाजगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या, रिक्त जागी वर्षावर्षापुरते येणारे अतिथी शिक्षक, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्यास राज्यांना सांगते, आणि त्याचा आधार घेऊन आम्ही निवेदने देतो, द्यायलाच हवीत. परंतु दारातून आत आलेल्या मुलाला कार्डावरचा पाऊस ओळखता आला नाही, तर त्याचे पालक पुढच्या जूनमध्ये कलमाकडे पाहणार नाहीत, बसगाडीकडे पाहतील. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांच्या मांडवात मराठीसाठी जितके प्रेम मी पाहिले आहे, त्यातला थोडा वेळ एखाद्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास अक्षर-गटाच्या गोलात येऊन बसला तर मला हवा आहे. गोष्ट वाचून दाखवायला शिक्षकच लागतो असे नाही. बँकेतून निवृत्त झालेले गावातले एक गृहस्थ दोन वर्षे येत आहेत; त्यांच्या वाचनात हेल आहे, मुलांना तो आवडतो आणि ती हुबेहूब तसेच वाचतात.

ती मुलगी आता हायस्कूलला आहे. तिचे वाचन ठीक आहे, फार चांगले नाही. गणितात बरी आहे. या वर्षी चौथी-पाचवी मिळून माझ्याकडे चौदा मुले आहेत. सेतुबंधाच्या पहिल्या आठवड्यात पाच अक्षर-गटात निघाली, चार शब्दांत, तीन परिच्छेदात, दोघी गोष्ट वाचतात. पाचांपैकी एक मुलगा कोप्पळकडून वीटभट्टीवर आलेल्या घरातला आहे, त्याला मराठी समजते, बोलतो कन्नड. त्याचे पहिले वाचन कोणत्या भाषेत घ्यावे हे मी आणि शेजारच्या अक्कोरू मिळून ठरवत आहोत, आणि तोवर तो दोन्हीकडच्या गोलात बसतो. मार्कंडेयच्या काठची माती पहिल्या पावसाने फार ओली झाली आहे, म्हणून दोन घमेली माती व्हरांड्यात पोत्यावर पसरून ठेवली आहे. ती मळताना त्यात विटेचा तुकडा निघाला. तो त्या मुलाने बोटांत फिरवून पाहिला, ‘कच्ची’ म्हणाला आणि बाजूला ठेवला.